आमच्या गवताची पाच अक्षरं

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलंच नाही. वेलांटी कुठल्या बाजूला द्यायची ते मी कानाने ठरवते, आणि कान चुकतो. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण एखादा कागद चुकून कुणाच्या हाती लागलाच, तर त्याने हसू नये.

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायची. म्हणजे मी इंग्रजीच्या उंबऱ्यावरून माघारी फिरले. शाळेत उत्तर येत असलं तरी मी बोट वर करत नसे. हजेरीला माझा 'हजर' इतका बारीक निघायचा की गुरुजींनी मला कितीदा गैरहजर लावलं असेल कोण जाणे.

परवा चहाच्या वेळी मुलीने पेपरातलं मोठ्याने वाचून दाखवलं. विमान चालवणाऱ्यांना उड्डाणाआधी सूचनांचे कागद मिळतात. कुठली धावपट्टी बंद आहे, कुठे दिवा विझला आहे, कुठे पक्षी फार आहेत, असं सगळं. पण ते म्हणे असल्या तुटक अक्षरांत लिहिलेलं असतं की शिकलेल्या माणसाचंही डोकं फिरावं. आता लोक विचारतात, साध्या भाषेत का लिहीत नाहीत? जावई म्हणाले, "शहाणपण दाखवायला. दुसरं काय!" सगळे हसले. मी कपबशा गोळा केल्या आणि आत गेले.

मला थोडं सांगता आलं असतं. त्या अक्षरांत एकदा मी होते.

कोल्हापूरच्या बाहेर माळावर विमानाची धावपट्टी आहे. नव्वदीच्या सालांत आमची वस्ती तिच्या कुंपणाला लागून होती. तेव्हा विमान रोज येत नसे. कधी साखर कारखान्याच्या सभेला पुढारी उतरायचे, कधी शिकाऊ लोकांचं लहानसं विमान आभाळात घिरट्या घालायचं, आणि मग कितीतरी दिवस नुसता वारा. पाऊस सरत आला की धावपट्टीच्या दोन्ही अंगांना गवत कमरेला लागायचं. झोपेत माणसाने कूस बदलावी तसा वाऱ्याबरोबर सगळा माळ एका अंगावर वळायचा. मी म्हशींचं शेण काढताना कुंपणातून बघत राहायची. त्या गवताला हिरवं म्हणावं तर हिरवं नव्हे, रुपेरी म्हणावं तर रुपेरी नव्हे, असा रंग असे. मला वाटे, आत गेलं तर पाय जमिनीला लागणारच नाहीत.

या गवताचा दरवर्षी लिलाव होई. शहरातला एक ठेकेदार ते घ्यायचा आणि आम्हा वस्तीच्या बायकांनाच रोजावर कापायला लावायचा. माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणते, एका वर्षी म्हणाली,

"कापतोय आपुन, पेंढ्या बांधतोय आपुन, आनि पैका मोजतोय त्यो. ह्या साली आपुनच लिलाव बोलू की."

"बोलणार कोण?" मी विचारलं.

"मी हाय की! तुला कोण बोलाय सांगतंय? तू निस्ती माझ्या मागं हुबी ऱ्हा. म्हंजे मला मागं सरकाय येणार न्हाय."

मी तिच्या मागे उभी राहिले आणि ती बोलली. इतकी मोठ्याने बोलली की ठेकेदाराने हसून बोली सोडली, आणि गवत आमच्या नावावर झालं. मग कळलं की पैसे आधी भरायचे असतात. बायकांनी आपापल्या डब्यांतलं काढलं, ते पुरलं नाही. उरलेले मी माझ्या भावाकडून आणले.

माझा भाऊ पेठ वडगावचा. तो हेडी, म्हणजे जनावरं घेऊन बाजारात विकणारा. वडिलांचाही तोच धंदा होता. या धंद्यात भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा एका टॉवेलाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा चालतात. लहानपणी मी वडिलांच्या शेजारी उभी राहून त्या टॉवेलाकडे बघायची. खाली दोन मांजरं खेळताहेत असं वाटायचं. मी विचारलं होतं, सरळ का सांगत नाही? वडील म्हणाले होते, "सरळ सांगितलं तर सगळा बाजार मधी पडतोय."

भावाकडे नुकतीच खोंडं विकल्याचे पैसे होते. ते त्याने आतून आणून माझ्या ओच्यात टाकले.

"दसऱ्याच्या बाजाराआधी दे बघ," तो म्हणाला. "हेड्याचा पैका घरात बसला तर हेडी बी घरात बसतोय. रिकामा हात टॉवेलाखाली घालता येत न्हाय."

"देतो की दादा," मी म्हणाले. आमच्याकडे बायकाही 'देतो', 'जातो' असंच बोलतात. लिहिताना मात्र मी शाळेतलं वापरते.

दसऱ्याला अजून अवकाश होता. पण या गवताचं एक आहे. ते कोवळं आहे तोवर कापलं तर जनावर मिटक्या मारत खातं. एकदा त्याला कुसळं आली, म्हणजे ते सुईसारखे टोकदार तुरे आले, की जनावर तोंड लावत नाही. मग ते गवत फक्त गोठ्याच्या छपरावर टाकायचं. कुसळं यायच्या आत कापणं झालं पाहिजे, एवढीच घाई. आणि ती फार मोठी घाई असते.

आत मनाला येईल तेव्हा जायचं नाही असं आम्हाला बजावलेलं होतं. आम्ही माळावर असताना विमान यायला नको, म्हणून कापण्याच्या वेळेचा कागद निघणार होता. तो कागद सगळ्या विमानवाल्यांना जाणार, आणि त्याचीच एक प्रत फाटकावर लागणार. त्या वेळात कापायचं, वेळ संपली की बाहेर.

फाटकावर वॉचमन होते, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मिशा पांढऱ्या, पण बुटाला रोज पॉलिश. पहिला कागद लागला तेव्हा आम्ही सगळ्या त्याच्यापुढे उभ्या राहिलो. सगळी मोठी इंग्रजी अक्षरं, मधे आकडे. ना ओळ, ना वाक्य. अक्का म्हणाली, "ह्ये काय भानामतीचं हाय काय?"

मामांनी चष्मा लावला. "त्यात काय अवघड हाय! ही बघा येळ. शून्य तीन तीस ते शून्य सहा तीस. पहाटं साडेतीन ते साडेसा. फौजेत असंच लिवत्यात. दुपारचं असतं तर पंधरा तीस लिवलं असतं."

"पहाटं साडेतीनला गवात दिसतंय व्हय मामा? का इळ्यास्नी बॅटऱ्या बांधू?" अक्काने विचारलं.

"त्या वक्ताला इमान नसतंय, म्हणून तुमास्नी ती येळ दिलीया. सरकार काय येडं न्हाय. आर्डर म्हंजे आर्डर."

ते आम्हाला खरंच वाटलं. त्या वेळी विमान नसतं हे तर आम्हालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंधारात गेलो. विळे मांडीवर ठेवून गवतात बसून राहिलो. दव अंगावर पडत होतं. गवताच्या आत बसलं की आभाळ लहान होतं आणि चांदण्या शेंड्यांना अडकल्यासारख्या दिसतात. कुठेतरी टिटवी ओरडायची. बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या, कुणाचं डोकं कुणाच्या खांद्यावर पडायचं. दिसू लागलं की आम्ही भराभर हात चालवायचो. अंगात जरा ऊब येते न येते तोच मामा शिट्टी फुंकायचे. वेळ संपली. ओलं गवत, चार-दोन भारे, आणि बाहेर.

असं बरेच दिवस चाललं. मी घरी येऊन चूल पेटवायची. भाकरी थापताना दारातून माळ दिसायचा. त्या दिवसांत सकाळचा प्रहर विलक्षण शांत असायचा. ऊन गवतावर सांडलेलं, वारा पडलेला, आणि वर आभाळात काही म्हणजे काही नाही. शिकाऊ विमानसुद्धा यायचं नाही. कुणीतरी सगळं झाडूनपुसून कुणाची तरी वाट बघतंय असं वाटायचं. मला त्या शांततेचं इतकं वेड लागलं की तव्यावरची भाकरी करपायची.

आणि गवत पिकत चाललं होतं. पश्चिमेच्या अंगाला कुसळं दिसू लागली. संध्याकाळी लुगड्याच्या काठातून ती वेचून काढताना मला भावाचा चेहरा दिसे.

एक दिवस तो स्वतःच आला. पैशाचं एक अक्षर काढलं नाही. पाणी प्यायला आणि ओसरीवर बसून माळाकडे बघत राहिला. अक्काला राहवलं नाही.

"काय पावणं, बाजार सोडून हिकडं कसं? का आमचं गवात मोजाय आला?"

"बाजारात काय हाय वैनी," तो हसून म्हणाला. "दुसऱ्याच्या जनावरांची दावी धरून हुबा असतोय. आपलं बोलाय काय न्हाय, म्हणून आलतो बसाय."

तो हसत होता, पण बोटांनी ओसरीची कड उगीचच दाबत होता. हेड्याचा मुलगा, बाजारात कासरा धरून दुसऱ्याची जनावरं सांभाळतो, हे मला सहन झालं नाही.

तो गेल्यावर अक्का फाटकावर जाऊन भांडली. साहेबाला भेटायचं म्हणाली. मामांनी तिला आत सोडलं नाही. "तू आत जाऊन दंगा करणार. माझी नोकरी जाईल," म्हणाले. तिने वस्तीला ऐकू जाईल असा त्यांचा उद्धार केला आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी झाल्यावर मी एकटी गेले. काय बोलायचं ते रस्ताभर पुटपुटत होते. मामांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "तू व्हय? जा. तू काय भांडणार!"

माझ्या लाजरेपणाचा आयुष्यात झालेला हा एक उपयोग.

आत एक छोटी खोली होती. खिडकीतून सगळी धावपट्टी दिसायची. टेबलाशी एक वयस्क साहेब बसले होते, समोर रेडिओ, कानाला यंत्र. ते बाहेरगावचे होते, अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायचे. मी दारात उभी राहिले. त्यांचा चहा आला, निवला, तरी मी उभीच. बोलायचं सगळं विसरले होते म्हणून भिंतीकडे बघत होते. भिंतीवर दोन घड्याळं होती, शेजारी शेजारी. एकात सव्वानऊ झाले होते. दुसऱ्यात पावणेचार. मला वाटलं, एक बंद पडलं आहे. पण त्याचाही काटा फिरत होता.

साहेबांचं लक्ष गेलं. "काय बाई?"

मी गवताकडे बोट केलं.

"अच्छा, गवतवाल्या तुम्ही! अहो, सोडलं का काय गवत? रोज नऊपासून बारापर्यंत मी सगळ्यांना थोपवून धरतो. त्या शिकाऊ पोरांना सांगतो, येऊ नका, माळावर माणसं आहेत. आणि खिडकीतून बघतो तर माळावर फक्त टिटव्या."

"नऊला न्हाय सायेब," मी म्हणाले. "आम्ही पहाटं साडेतीनला येतोय."

त्यांनी कानाचं यंत्र काढलं. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं. त्या दुसऱ्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते आणि बाहेर स्वच्छ सकाळ होती. कुणी काही सांगायच्या आत मला कळलं. ती सकाळची शांतता आमच्यासाठी होती. आमच्यासाठी आभाळ मोकळं ठेवलं होतं, आणि आम्ही घरी भाकरी थापत होतो.

"अरे देवा," साहेब म्हणाले. "बसा. बसा आधी."

मी खाली बसले. खुर्चीवर बसा म्हणाले तरी खालीच बसले. त्यांनी सांगितलं की विमानं सगळ्या देशांतून येतात जातात, आणि प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळं. इथे सकाळ असते तेव्हा कुठे मध्यरात्र. म्हणून कागदावर सगळ्या जगाची मिळून एकच वेळ लिहायची असं ठरलं. ती विलायतेतली वेळ. आपली तिच्या साडेपाच तास पुढे.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबमाणसाला प्रश्न विचारला. "पण सायेब, साध्या भाषेत का लिवत न्हाईत?"

"साध्या म्हणजे कुणाच्या?"

"आमच्या."

ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "बरोबर आहे. तुमची साधी मराठी. मद्रासकडच्या वैमानिकाची साधी तमिळ. आणखी कुणाची रशियन, कुणाची जपानी. इंग्रजी म्हणाल तर ती तरी सगळ्यांना कुठे सारखी येते? तुमच्या लग्नात तार आली होती का कुणाची?"

आली होती. माझे एक चुलते लांब नोकरीला होते, त्यांची.

"त्या तारेत छान लांबलचक शुभेच्छा होत्या ना? तुमच्या चुलत्यांनी तेवढे शब्द लिहिले नव्हते. पोस्टात शुभेच्छांचा तक्ता असतो. लग्नाची अमुक नंबरची, सणाची तमुक नंबरची. पाठवणारा फक्त नंबर सांगतो. तारेवरून नंबर येतो आणि इकडचा पोस्टमास्तर तक्त्यात बघून पूर्ण वाक्य लिहून देतो."

ती तार मी ट्रंकेत जपून ठेवली होती. चुलते इतकं गोड लिहितात हे मला तेव्हा खरं वाटलं होतं.

"तारेला शब्दामागे पैसे," साहेब सांगत होते, "आणि यंत्रं सावकाश चालायची. रेडिओवर खरखर असायची, वाक्यातला शब्द गळाला तर अर्थ उलटा व्हायचा. म्हणून पाच-पाच अक्षरांचे शब्द ठरवले. पहिलं अक्षर क्यू. ते दिसलं की ओळखायचं, हा खुणेचा शब्द. पुढची दोन अक्षरं म्हणजे कशाबद्दल, शेवटची दोन म्हणजे त्याचं काय झालं. प्रत्येक देशात तक्ता एकच. त्याने तो आपल्या भाषेत वाचावा."

त्यांनी टेबलावरचा आमचा कागद उचलला आणि बोट ठेवून वाचला. "हे बघा. क्यू, एफ, ए, एच, जी. एफ ए म्हणजे विमानतळ. एच जी म्हणजे गवत कापणं चालू आहे."

"गवत कापायलाबी अक्षरं हाईत?"

"आहेत की. जगभर गवत वाढतं, बाई."

हे त्यांनी सहज म्हटलं. मला मात्र बसल्या जागी डोळे मिटावेसे वाटले. जगभर गवत वाढतं. कुठल्याकुठे, ज्याचं नाव मला घेता येणार नाही अशा गावी, धावपट्टीच्या कडेला बायका वाकल्या असतील, आणि त्यांच्यासाठीही हीच दोन अक्षरं. आणि समुद्रापलीकडचा कुणी वैमानिक चहा पिता पिता कागद चाळताना माझ्यावरून नजर फिरवून पुढे गेला असेल.

मी भावाच्या टॉवेलाचं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. मी म्हणाले, "पर त्ये दुसऱ्याला कळू ने म्हणून असतंय."

"आमचं उलटं आहे. सगळ्यांना कळावं म्हणून. पण लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसत असेल."

मग जे मनात आलं ते तोंडातून गेलं. "सगळ्यास्नी कळलं सायेब. गवतात हुतो त्यास्नी तेवढं न्हाय."

त्यांनी कोरा कागद घेतला आणि मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, सकाळी नऊ ते बारा, गवत कापणे. स्वतः चालत फाटकापर्यंत आले आणि त्या इंग्रजी कागदाच्या शेजारी तो लावला. मामांनी वाचला आणि ताठ उभे राहून म्हणाले, "फौजेत एकच घड्याळ असतंय, साहेब." अक्का पुढे कितीतरी दिवस त्यांना येता जाता विचारायची, "मामा, आत्ता विलायतंत किती वाजलं?"

मग आम्ही उन्हात कापलं. कमरेला पदर खोचून, डोक्याला टॉवेल बांधून, एका ओळीत. विळ्याचा खसखस आवाज, कापल्या गवताचा गोडसर वास, त्यातून उडणारे नाकतोडे. एकदा मी पाठ सरळ केली तेव्हा लांब कसबा बावड्याकडे, साखर कारखान्याच्या धुराड्याच्याही वर, एक बारीक चमकता ठिपका गोल फिरताना दिसला. ते शिकाऊ विमान होतं. इकडे यायचं नाही म्हणून तिकडेच फिरत होतं. ते माझ्यासाठी थांबलं होतं. चारचौघांत मला कुणी वाट करून दिली तरी मी ओशाळायची, आणि इथे आभाळातलं विमान मला वाट देत होतं. मी हात हलवला. अक्का म्हणाली, "कुनाला गं?" मी म्हणाले, "माशी हाकलली."

गवत शहरात गेलं. शिवाजी पेठेतले गवळी म्हशींसाठी पेंढ्या न्यायचे, भाव करायला अक्का बसायची. पण पश्चिमेचं सगळं अंग कुसळांनी भरून गेलं होतं. ते मातीमोल गेलं. हिशेब झाला तेव्हा बायकांना त्यांचं घातलेलं परत मिळालं. भावाचे मात्र निम्मेच जमले.

ते मी दसऱ्याआधी नेऊन दिले. तो बरं म्हणाला. निम्म्या पैशात एक वासरू येतं, जोडी येत नाही. त्या साली तो बाजारात दावीच धरून राहिला. वहिनी मला काही बोलली नाही, पण पुढे वर्षभर माझ्याकडे यायची ती आली नाही.

पुढच्या साली लिलाव पुन्हा आमचाच झाला. या खेपेला पैसे आम्ही दुधाच्या बिलातून साठवले होते. साहेब अजून तिथेच होते आणि मराठी कागद पहिल्या दिवसापासून लागला. अधूनमधून मी दारात जाऊन उभी राहायची, ते काहीतरी सांगायचे. एकदा त्यांनी मला कागदांची चळत दाखवली.

"तुम्ही मागे विचारलं ना, साधं का लिहीत नाहीत? आता हे कागद तारेने जात नाहीत, यंत्रंही बदलली. अक्षरं मात्र तशीच राहिली. सवय. आणि भीतीही. ज्याने बदललं त्याच्या हातून काही चुकलं तर काय, म्हणून कुणी हात लावत नाही. आणि हे बघा, इथे गवत, इथे क्रेन, इथे पक्षी, आणि इथे धावपट्टी बंद. सगळं एकाच आवाजात. सगळीच मोठी अक्षरं. मरणाचं काम कुठलं आणि गवताचं कुठलं, ते शोधायला वाचणाऱ्याने दमावं लागतं."

"मग वाईटच की हो."

"वाईट आहे आणि उपयोगाचंही आहे," ते म्हणाले आणि खिडकीतून बघत बसले. त्या वर्षअखेरीस त्यांची बदली झाली. कुठे झाली ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या साली गवत सगळं कोवळं असतानाच निघालं. माझ्या वाट्याचे पैसे मी पदराला बांधले आणि दसऱ्याआधी, बाजाराच्या दिवशी, सकाळच्या गाडीने वडगावला गेले. भाऊ निघायच्या तयारीत होता, पायात वहाणा होत्या. मी दारातच गाठ सोडली.

"एवढं कशाला? ऱ्हाऊ दे थोडं तुला," तो म्हणाला.

"न्हाय दादा. सगळं मोजून घे."

"अगं भन हाईस..."

"मोज म्हणतोय न्हवं!"

आतून वहिनी बाहेर आली, कारण माझा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. भावाने उंबऱ्यावर बसून नोटा मोजल्या. एकदा मोजल्या, थुंकी लावून परत मोजल्या.

"बरोबर हाय. आता तुजं माजं काय न्हाय."

"असं काय बोलतासा वो," वहिनी म्हणाली. "सणासुदीला आलीया ती."

"पैक्याचं बोलतोय गं!"

वहिनी हसली आणि मला हाताला धरून आत नेऊ लागली. चहा टाकते म्हणाली. भाऊ चहाला थांबला नाही. त्याने नोटा बंडीच्या आतल्या खिशात घातल्या, वरून हात फिरवला आणि बाजाराच्या रस्त्याला लागला. माझ्याकडे त्याचा एक पैसा राहिला नव्हता.